सर्किटची लिपी

मासिक आपण वाचतो. आवडलं तर जपून ठेवतो, नाहीतर रद्दीत घालतो. काही मासिकं मात्र नुसती वाचून संपत नाहीत, ती करून पाहावी लागतात. पाककृतींचं मासिक हे त्यातलं घरोघरचं उदाहरण. आज ज्या मासिकाविषयी बोलणार आहे तेही याच जातीचं. फरक इतकाच की त्यात जिरं-मोहरीच्या जागी रेझिस्टन्स, कंडेन्सर आणि ट्रान्झिस्टर असतात, आणि शेवटी फोडणी न देता कथलाचा डाग द्यायचा असतो. या मासिकाचं नाव 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू'. ते दिल्लीचं, इंग्रजी, आणि त्याचा पहिला अंक जानेवारी १९६९ चा.

कविता लिहिणाऱ्या, बी.ए. झालेल्या माणसाला या मासिकाचं काय, असं कुणी विचारील. कुतूहल आहे ते भाषेचं. यंत्राचं ज्ञान कागदावरून माणसाच्या बोटांत उतरतं कसं, आणि ते उतरू द्यायचं की नाही हे ठरवतं कोण? या मासिकाच्या आणि त्याच्या भावंडांच्या वाटचालीत या प्रश्नाचं उत्तर थोडंफार सापडतं. म्हणून तिचे टप्पे जरा सावकाश पाहू.

१९६९ साल आठवा. त्या जुलैत माणूस चंद्रावर उतरला, १५ ऑगस्टला 'इस्रो'ची स्थापना झाली. घरातलं चित्र मात्र निराळं होतं. दूरदर्शन तेव्हा दिल्लीपुरतं होतं, मुंबईत ते आलं १९७२ च्या गांधीजयंतीला. लोकांजवळ होता तो रेडिओ. तोही ठेवायचा तर पोस्टात दरवर्षी पैसे भरून परवाना घ्यावा लागे. आज हे सांगितलं तर नातवंडं हसतात, पण ही पद्धत ऐंशीच्या दशकापर्यंत होती. इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे सरकारी आणि लष्करी कारखान्यांत चालणारी गोष्ट, अशी समजूत होती. बंगळुरूची 'भारत इलेक्ट्रॉनिक्स' १९५४ ची, हैदराबादची 'ईसीआयएल' १९६७ ची. या क्षेत्रात देशाने काय करावं हे सांगणारा होमी भाभा समितीचा अहवाल आला १९६६ साली, आणि केंद्रात इलेक्ट्रॉनिक्सचं स्वतंत्र खातं निघालं १९७० साली. म्हणजे सरकारचं खातं निघण्याच्या वर्षभर आधीच दिल्लीच्या चोप्रा कुटुंबाने या विषयाचं मासिक काढलं होतं. नावातला शेवटचा शब्द बघा. 'तुमच्यासाठी'. तो शब्द म्हणजे त्या काळात एक दावाच होता.

अशा मासिकाचं पान कसं असतं ते सांगतो. सुरुवातीला वस्तू काय करते ते दोन ओळींत. पाण्याची टाकी भरली की वाजणारी घंटा, अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा, अशी काहीतरी कामाची वस्तू. मग सर्किटची आकृती. मग लागणाऱ्या भागांची यादी. मग जोडणी कशी करायची आणि चूक झाली तर कुठे शोधायची, याचा मजकूर. पुढच्या काळात आणखी एक गोष्ट आली. तांब्याचा पत्रा चढवलेल्या पाटीवर जे रस्ते कोरायचे, त्यांचा आराखडा अगदी मूळ मापात छापला जाऊ लागला. वाचकाने तो पाटीवर उतरवायचा आणि जे रस्ते ठेवायचे त्यांच्यावर रंग लावायचा. रंग नसला तर बहिणीचं नेलपॉलिश चालायचं. मग पाटी फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवायची. रंगाखालचं तांबं राहतं, बाकीचं द्रावण खाऊन टाकतं. पाटी धुऊन बारीक भोकं पाडायची, त्यांत एकेका भागाचे पाय घालायचे आणि डाग द्यायचे. कागदावरची रेघ अशी हातात येते.

या पानाची ताकद होती ती आकृतीत. नागमोडी रेघ दिसली की रेझिस्टन्स, समोरासमोर दोन आडव्या रेघा दिसल्या की कंडेन्सर, गोलात बाण दिसला की ट्रान्झिस्टर. दिल्लीत, टोकियोत, बर्लिनमध्ये चिन्हं थोड्याफार फरकाने हीच. ही एक लिपीच आहे, आणि तिला मातृभाषा नाही.

माझे मामू तालुक्याच्या गावी एसटी स्टँडच्या मागे रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवत. शिक्षण उर्दू शाळेत सातवीपर्यंत. घरात दखनी, गिऱ्हाइकांशी मराठी, आणि हे मासिक इंग्रजीत. कुणीतरी पुण्याहून जुने अंक आणून दिले होते. मामू मजकुराकडे बघतही नसत. थेट आकृतीवर बोट ठेवत आणि ते बोट बॅटरीपासून निघून स्पीकरपर्यंत फिरवत नेत. कुठे अडलं तर मला हाक मारत. मी सातवी-आठवीत, शब्दकोश घेऊन बसलेला. मी इंग्रजी वाक्याचं मराठी करायचो, मामू त्याचं दखनी करायचे, आणि पुष्कळदा मी वाक्य पुरं करायच्या आत म्हणायचे, "समझा, समझा." वाक्य मला कळायचं आणि सर्किट त्यांना. दोघांचं मिळून एक वाचन होई.

त्यांनी मला रंगांचा पाढा शिकवला होता. रेझिस्टन्सचा दाणा इतका लहान की त्यावर आकडा छापता येत नाही, म्हणून रंगाचे पट्टे असतात. काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, राखाडी आठ, पांढरा नऊ. पहिले दोन पट्टे म्हणजे दोन आकडे आणि तिसरा सांगतो पुढे शून्यं किती. पिवळा, जांभळा, लाल असे पट्टे असले तर चार, सात आणि पुढे दोन शून्यं, म्हणजे ४७०० ओहम. इंद्रधनुष्याचे रंग अंकांच्या कामाला लावलेले पाहून मी तेव्हा चकित झालो होतो. आजही होतो.

मासिकाची पहिली वर्षं ही व्हॉल्व्ह मागे पडून ट्रान्झिस्टर रुळण्याची होती. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ चा, अमेरिकेतल्या बेल लॅबमधला. आपल्याकडच्या कारागिरांचा हात मात्र काचेच्या व्हॉल्व्हवर बसलेला. तापलेला व्हॉल्व्ह डोळ्यांनी दिसायचा, ट्रान्झिस्टर बाहेरून काहीच सांगत नाही. म्हणजे जुन्या कारागिराला पुन्हा विद्यार्थी व्हावं लागलं, आणि कॉलेजची पायरी न चढलेल्यांना हे मासिक हाच वर्ग होता.

मग आली चिप. त्यातली एक वाचकांच्या विशेष ओळखीची, नाव ५५५. हान्स कामेनझिंड या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या इंजिनिअरने १९७१ साली तिची रचना केली आणि १९७२ पासून ती बाजारात आली. आठ पायांचा काळा किडा. काम एकच, वेळ मोजणं. तिला जोडलेला कंडेन्सर सावकाश भरतो आणि रिकामा होतो. तो दोन तृतीयांश भरला की चिप कळ फिरवते, एक तृतीयांशावर आला की पुन्हा फिरवते. रेझिस्टन्स बदला, वेळ बदलतो. एवढ्याच युक्तीवर दिवा लुकलुकतो, भोंगा वाजतो, पंखा ठरल्या वेळी बंद होतो. स्वस्त, दणकट आणि चुका सोसणारी ही चिप छंदिष्टांची लाडकी झाली, ती आजतागायत.

अडचण होती सुट्या भागांची. आयातीवर निर्बंध, जकात भारी. मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत लजपतराय मार्केट, या दोन ठिकाणांची नावं छंदिष्ट मंडळी तीर्थक्षेत्रांसारखी घेत. गावाकडच्या माणसाने काय करायचं? अंकातल्या जाहिराती वाचून मनिऑर्डर करायची आणि पोस्टमनची वाट बघायची. मासिकाच्या मंडळींनी पुढे किट आणि सुटे भाग पुरवणारी शाखाच काढली. मजकूर देऊन भागत नाही, सामानही द्यावं लागतं, हे त्यांना उमगलं होतं.

याच सुमारास अमेरिकेत एका मासिकाने काय घडवलं ते पाहण्यासारखं आहे. 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'च्या जानेवारी १९७५ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' नावाचा, घरी जोडायचा संगणक झळकला. तो लेख पाहून बिल गेट्स आणि पॉल ॲलन या दोन तरुणांनी त्या यंत्रासाठी बेसिक ही भाषा लिहिली, आणि त्यातून मायक्रोसॉफ्ट कंपनी उभी राहिली. एका अंकाने एवढं केलं. आपल्याकडे तेव्हा तसं घडणं कठीण होतं. परवाने नव्हते, भाग नव्हते, भांडवल नव्हतं. आकृती वाचणारी माणसं मात्र तयार होत होती.

१९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांनी रंगीत दूरदर्शन आणलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत गावोगाव लहान प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली आणि छपरांवर ॲल्युमिनियमची झाडं उगवली. मामूंच्या दुकानात रेडिओपेक्षा टीव्ही जास्त येऊ लागले. डिसेंबर १९८२ मध्ये 'डेटाक्वेस्ट' निघालं, संगणक उद्योगाच्या बातम्या देणारं. ऐंशीच्या दशकात युरोपातल्या 'एलेक्टर' या नामांकित मासिकाची भारतीय आवृत्ती मुंबईहून निघू लागली. १९८४ च्या नोव्हेंबरात नवं संगणक धोरण आलं, आयात सैल झाली. १९८७ मध्ये 'पीसीक्वेस्ट' सुरू झालं, ते घरच्या आणि कचेरीतल्या छोट्या संगणकासाठी. मासिकांचं घर असं वाढत गेलं.

इथे एक पेच पडला, आणि माझ्या मते या इतिहासातलं खरं वळण ते आहे. मायक्रोकंट्रोलर आला. म्हणजे एकाच चिपमध्ये लहानसा संगणक, त्याची स्मृती, सगळं. इंटेलची ८०५१ ही चिप १९८० ची, पुढे आपल्या पॉलिटेक्निकमधल्या प्रत्येक मुलाच्या अभ्यासात आलेली. या चिपभोवतीची आकृती अगदी साधी असते. पण आकृती पाहून वस्तू काय करते ते कळत नाही, कारण ते आत भरलेल्या प्रोग्रॅममध्ये असतं. मामूंचं बोट बॅटरीपासून निघालं तर चिपपाशी येऊन थांबणार. पुढे रस्ता दिसत नाही. मग मासिकाने प्रोग्रॅमही छापायला घेतले. पण शेकडो ओळी पाहून टंकलिहायच्या आणि एक स्वल्पविराम चुकला की सगळं ठप्प. कागदाची मर्यादा उघड झाली. त्यातून मासिकाबरोबर सीडी देण्याची रीत आली. प्रोग्रॅम सीडीवर, आकृती कागदावर.

सीडीचं मोल १९९६ साली 'पीसीक्वेस्ट'ने फार ठळकपणे दाखवलं. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली लिनक्सची सुरुवात केली होती. संगणक चालवणारी मूळ प्रणाली, आणि तिचा मजकूर सगळ्यांना खुला. आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, तेही टेलिफोनच्या तारेवरून. हिशेब करून पाहा. सीडीवर साधारण ६५० मेगाबाइट मावतात. सेकंदाला २८,८०० बिट आणणारा मोडेम अखंड चालला तर एवढा मजकूर उतरवायला ५० तास लागतील. फोन मध्येच तुटणार, बिल वाढणार, ते वेगळंच. हा सगळा ऐवज 'पीसीक्वेस्ट'ने मासिकाच्या अंकाबरोबर सीडीवर घालून पाठवला. जिथे इंटरनेटची तार पोचली नव्हती तिथे पोस्टमन लिनक्स घेऊन पोचला. या कामामागे होते अतुल चिटणीस. जन्म बर्लिनमधला, कर्मभूमी बंगळुरू. २०१३ साली ते गेले. आपल्याकडच्या खुल्या सॉफ्टवेअरच्या चळवळीत त्यांचं नाव आदराने घेतलं जातं.

'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू'च्या घराण्यानेही फेब्रुवारी २००३ मध्ये 'लिनक्स फॉर यू' हे स्वतंत्र मासिक काढलं. २०१२ साली त्याचं नाव 'ओपन सोर्स फॉर यू' झालं, कारण विषय एका प्रणालीपुरता उरला नव्हता. ओपन सोर्स म्हणजे काय? 'फुकट' एवढाच अर्थ घेतला तर चुकतो. खुलं सॉफ्टवेअर हवं त्या कामाला वापरता येतं, ते कसं चालतं ते उघडून पाहता येतं, त्यात बदल करता येतो, आणि बदललेलं दुसऱ्याला देता येतं. सर्किटच्या पानाशी ताडून पाहा. १९६९ पासून ते पान हेच करत आलं होतं. आकृती द्यायची, वाचकाने बनवायची, सुधारायची, सुधारलेली पुन्हा मासिकाकडे पाठवायची. लिनक्सचं मासिक याच घरात जन्मलं यात मला तरी नवल वाटत नाही.

खुलेपणा ही इंजिनिअरांची हौस आहे असं कुणाला वाटत असेल तर माझ्या कवितांचं काय झालं ते ऐका. नव्वदच्या दशकात मी एका ओळखीच्या छापखान्यात कविता संगणकावर उतरवून घेतल्या. मराठी अक्षरं सुंदर दिसत होती. दहा वर्षांनी तीच फाइल नव्या संगणकावर उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं. कवितेचा मागमूस नाही. झालं होतं असं की त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर हे इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं चित्र होतं. कुठल्या जागी कुठलं चित्र, हे फक्त तो फॉन्ट बनवणाऱ्यांना ठाऊक, आणि तो फॉन्ट आता मिळेना. युनिकोडमध्ये तसं होत नाही. तिथे 'क'चा क्रमांक जगभर एकच आणि तो सर्वांना जाहीर. छापील प्रत होती म्हणून माझ्या कविता वाचल्या. ज्यांच्या तमाशाच्या वह्या, गावाचे इतिहास, संतवचनांचे संग्रह अशा बंद फॉन्टमध्ये अडकले आणि कागदही उरला नाही, त्यांनी काय करायचं? कुलूप आपल्या घराचं आणि किल्ली परक्याकडे, अशी ती गोष्ट.

यंत्रांच्या बाबतीत हे कुलूप आता आणखी घट्ट होत चाललं आहे. मोबाइल फोन सरसाच्या थराने बंद केलेला असतो. बॅटरी बदलायची तरी तो उचकटावा लागतो. काही यंत्रांत दुसऱ्याने घातलेला भाग चालतच नाही. आकृती कुणी देत नाही. म्हणून जगभर दुरुस्तीच्या हक्काची मागणी उभी राहिली. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात एक संकेतस्थळही सुरू केलं. सुरुवात चांगली आहे. पण हक्क मागायला आधी आत काय आहे हे कळण्याची भूक लागते, आणि ती भूक लहानपणी लागते. तिला खाद्यही मिळू लागलं आहे. इटलीत २००५ साली जन्मलेला 'अर्डुइनो' नावाचा बोर्ड घ्या. त्याची आकृती आणि प्रोग्रॅम दोन्ही खुले, आणि शाळकरी मुलं तो हाताळतात. चिपपाशी थांबलेल्या बोटाला तिथे पुन्हा रस्ता दिसतो.

'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू'ने २०१९ साली पन्नाशी पूर्ण केली. एवढ्या काळात व्हॉल्व्ह गेले, कॅसेट गेली, सीडीही गेली. आकृतीचं पान टिकलं.

आता आपल्या घरात डोकावू. मराठीत विज्ञानाच्या मासिकांची परंपरा जुनी आहे. पुण्याचं 'सृष्टिज्ञान' १९२८ चं. मराठी विज्ञान परिषद १९६६ ची, तिची पत्रिका अनेक पिढ्यांनी वाचली. हिंदीत भोपाळहून १९८८ पासून 'इलेक्ट्रॉनिकी आपके लिए' निघालं. मराठीत ग्रह-तारे, प्राणी, शोधांच्या कथा यांवर उत्तम लेखन झालं. पण महिन्याला एक वस्तू करून पाहायला लावणारं, भागांची यादी देणारं, चूक कुठे शोधायची ते सांगणारं पान आपल्याकडे विरळाच. मामूंना भाचा मिळाला म्हणून त्यांचं निभावलं. प्रत्येक कारागिराला शब्दकोश घेऊन बसलेला भाचा कुठून मिळणार?

हे पान मराठीत आणायला मोठी संस्था लागत नाही. पॉलिटेक्निकमधला एखादा शिक्षक, जिल्हा वर्तमानपत्राचा एक संपादक, आणि महिन्याला अर्धं पान. शब्द कुठून आणायचे याची चिंता नको. रेझिस्टन्स, कंडेन्सर, डाग, कळ, पाटी हे शब्द दुकानांत कधीचे नांदताहेत, त्यांना कागदावर बोलावलं की झालं. पहिली वस्तू कोणती घ्यावी? माझ्या मते, टाकी भरली की वाजणारी घंटा. आपल्या गावांत पाणी दिवसातून तासभर येतं आणि त्यातलं अर्धं गच्चीवरून वाहून जातं. ती घंटा ज्या मुलीने स्वतः जोडली असेल, तिला यंत्र ही दुसऱ्याची वस्तू आहे असं पुन्हा कुणी पटवू शकणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)